नव्या जिनाचे बिल्ले

पहाटे चारला सत्यभामाबाईचा दिवस सुरू व्हायचा. नव्या जिनाचा भोंगा साडेपाचला होई. भोंग्यावर उठणाऱ्या बाया वेगळ्या. ही तोवर चूल पेटवून, भाकरी थापून, गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या प्राध्यापकांच्या मागच्या अंगणात खरकटी भांडी घासून मोकळी झालेली असे. भोंगा वाजला की हात पदराला पुसत ती थेट जिनात जाई.

नवा जीन हा कापसाचा कारखाना नावापुरता नवा. खामगावातल्या म्हाताऱ्या माणसांनीही तो जुनाच पाहिलेला. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती, कापसाच्या गाड्या दिवाळीपासून दाराशी लागत आणि होळीच्या पुढे हंगाम उतरे. आवारात कापसाची गंजी, पलीकडे सरकी वेगळी काढणारी यंत्रं. गंजीपासून यंत्राच्या चौथऱ्यापर्यंत कापूस टोपल्यानं न्यायचा, हे बायांचं काम.

कापूस हलका असतो असं न उचललेले लोक म्हणतात. टोपलं पायानं दाबून भरलं की मानेला कळतं. काही बाया वरवर फुगवून भरत. सत्यभामाबाई दाबून भरायची. का, असं कोणी विचारलं तर सांगायची, "यंत्र उपाशी चाललं तं आवाज बदलते. मले तो आवाज नाई सोसत."

टोपलं चौथऱ्यावर रिकामं झालं की मुकादम हातावर पितळेचा एक बिल्ला ठेवी. मधे भोक, कडेला जिनाची खूण. दहा बिल्ल्यांचा रुपया. बाजाराच्या दिवशी मुनीम खिडकी उघडे आणि बिल्ले घेऊन पैसे देई. कोणाचे बिल्ले, कोणी आणले, हे तो विचारत नसे. बिल्ला दिला की पैसे.

त्या वर्षी सुट्ट्या पैशांची मारामार होती. म्हणून बिल्ला जिनाबाहेर पडला आणि बाजारात फिरू लागला. फाटकासमोरच्या शेषरावच्या हॉटेलात एका बिल्ल्याला चहा मिळे. पीठ दळणारा चक्कीवाला घेई, भाजीवाली घेई. भाजीवालीकडून तो तेलाच्या दुकानात जाई, आणि फिरून फिरून एखाद्या बाजाराला मुनीमाच्या खिडकीशी येई.

सगळ्या बाया दर बाजाराला बिल्ले मोडत. सत्यभामाबाई गरजेपुरतेच मोडायची. बाकीचे ज्वारीच्या कणगीत, तळाशी. याला कारण होतं तिचे जानेफळचे दीर. घरात रुपया आला की त्यांना मेहकर तालुक्यात बसून वास यायचा. ते यायचे, भाकर खायचे आणि निघताना उंबऱ्यात घुटमळायचे.

"वहिनी, पाच रुपये असतीन तं द्या. पुढच्या खेपीले आणून देतो."

"रुपये कुठचे भाऊजी? बिल्ले हायेत. नेता?"

"बिल्ले नेऊन जानेफळात काय करू? बैलाच्या गयात बांधू?"

दीर रिकाम्या हातानं परत जायचे. खामगावची वेस ओलांडली की बिल्ला म्हणजे नुसतं पितळ. याच गुणासाठी तो तिला आवडायचा. नवरा किसनराव जिनातच गठाणी बांधायच्या प्रेसवर होता. भावांसमोर त्याला नाही म्हणता यायचं नाही. बायको म्हणते ते त्याला पटायचं, पण तोंडानं तो कबूल करायचा नाही.

बिल्ले साठवायचे होते दारासाठी. त्यांच्या घराला दार नव्हतं. बारदानाचा पडदा होता. कुत्री आत शिरत, शेजारची शेळी शिरे, आणि एकदा कोणीतरी दोन पायांचं शिरून स्वयंपाकाचा पितळेचा गंज घेऊन गेलं. तेव्हापासून मुलगी शालू राखणीला घरी बसे. आईबाप दोघं जिनात, मग घर कोणी सांभाळायचं? आठ वर्षांची पोर पडद्याशी बसून रस्त्यानं शाळेत जाणाऱ्या पोरींकडे बघे. दार झालं, कुलूप लागलं, की जूनपासून शालू शाळेत, असं सत्यभामाबाईनं ठरवलं होतं. इंद्रभान सुताराकडे माप दिलं होतं. सागवानाची दोन पाखं, सागवानाचीच चौकट, पस्तीस रुपये. इंद्रभान बिल्ले घ्यायला तयार होता, कारण त्याचा अर्धा दिवस शेषरावच्या हॉटेलातच जायचा. पाखं तयार होऊन दुकानाच्या भिंतीला टेकून उभी होती. चौकट बाकी होती. येत्या बाजाराला बिल्ले पुरे होणार होते.

नेमकं त्याच्या आधीच्या रविवारी प्राध्यापकांचं व्याख्यान झालं.

भगवंतराव प्राध्यापक पुण्याकडचे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि पैशावर मोठा प्रबंध लिहीत. माणूस सरळ. भांडी घासणाऱ्या बाईलाही अहो-जाहो करणारा. वाचनालयाच्या हॉलमध्ये त्यांनी फळ्यावर दोन माणसांचे दोन गोल काढले. एकाला क्ष नाव दिलं, दुसऱ्याला य. मग खिशातून नव्या जिनाचा बिल्ला काढून लोकांना दाखवला आणि विचारलं, हा कोणी का घेतो? पुढे कोणीतरी घेईल म्हणून. पण समजा, जीन अमुक एका दिवशी बंद होणार आहे. त्या दिवशी हा कोणी घेणार नाही. मग आदल्या दिवशी तरी का घ्यावा?

सभेला चहा शेषरावचा होता, म्हणून शेषराव मागे उभा होता. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाया चहाला आल्या तेव्हा त्यानं हात आखडला.

"बिल्ला नाई चालत आजपासून. नगद द्या."

"काऊन वो? रात्रीतून पितळेचं कथील झालं का?" सत्यभामाबाई म्हणाली.

"मास्तरनं सांगतलं. पक्कं गणित मांडून दाखवलं. जीन बंद होऊन राह्यला. शेवटच्या दिशी कोनी बिल्ला घेत नाई. मंग आदल्या दिशी तरी कोन घेईन? मंग त्याच्या आदल्या दिशी? असं मागं मागं येत मास्तर आजवर येऊन पोचले."

"जीन बंद होते हे मास्तरले कोनं सांगतलं?"

"एवढा शिकेल मानूस उगीच बोलते का? मालकाच्या बैठकीतलं असन."

तिथंच गावानं चूक केली. फळ्यावरचं 'समजा' कोणाच्या कानात शिरलं नाही. प्राध्यापक बोलले म्हणजे मालकाकडून कळलं असणार, असं सगळे धरून चालले. चहा पिणारे उठून मुनीमाच्या खिडकीशी गेले. मुनीम म्हणाला, पैसे बँकेतून बाजाराच्या दिवशी येतात, आज कुठून देऊ? एवढं बोलून त्यानं खिडकी लावून घेतली. तो दर सोमवारी हेच बोलला असता आणि दर सोमवारी खिडकी लागलेलीच असे. पण त्या सोमवारी ती सगळ्यांना पहिल्यांदा दिसली.

संध्याकाळपर्यंत चक्कीवाला नाही म्हणाला. इंद्रभानही रंधा खाली न ठेवता म्हणाला, "बाई, राग मानू नका. चौकटीचं लाकूड मले नगदीनं आनायचं हाये."

"पाखं?"

"पाखं कुठं जात नाईत. पन दुसरं गिऱ्हाईक आलं तं मी किती दिवस थांबू?"

घरी किसनरावनं ऐकलं आणि तो कणगीकडे बघत बसला. "मी म्हनत होतो, दर बाजाराले मोडत जाय."

"मोडले असते तं जानेफळले गेले असते."

"आता कुठं गेले?"

तिनं कणगीवर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं प्राध्यापकांची भांडी घासली, पण निघाली नाही. मागच्या दाराशी उभी राहिली. भगवंतराव तांब्या घेऊन बाहेर आले.

"मास्तर, जीन कधी बंद होऊन राह्यला?"

"बंद? कोण म्हणालं?"

"तुमीच सांगतलं म्हने सभेत."

प्राध्यापकांनी तांब्या खाली ठेवला. "अहो नाही, नाही. ते मी गृहीत धरलं होतं."

"गृहीत म्हंजे?"

आतून त्यांच्या पत्नी पुष्पाबाई आल्या. "म्हणजे मनातल्या मनात, सत्यभामाबाई. हे मनातल्या मनात जीन बंद करतात आणि मनातल्या मनातच उघडतात."

"पुष्पा, ही एक रीत असते. आधी सगळं साधं करून घ्यायचं. दोनच माणसं घ्यायची. त्यांची एकमेकांशी ओळख नाही. प्रत्येक जण फक्त स्वतःचा फायदा बघतो. मग काय होतं ते तपासायचं."

"असे दोघं कोन्या गावात राह्यतात?" सत्यभामाबाईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं.

"कुठल्याच नाही," पुष्पाबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि चहाचा रिकामा डबा घेऊन आल्या. डब्यात बिल्ले होते. "हे माझे, बाजारात सुट्ट्यांच्या बदली आलेले. हंगामभर याच्यावर तुमची भाजी येते. काल भाजीवालीनं पाटीतली मेथी परत काढून घेतली माझ्या हातातून. तुमचं व्याख्यान तिच्या पाटीपर्यंत पोचलंय. माझ्या डब्याला काय गृहीत धरलं होतंत?"

भगवंतरावांनी डब्यात पाहिलं. मग बायकोकडे, मग बाईकडे.

"आपल्याकडे भाजी बिल्ल्यांवर येते?"

"मग काय, मी काय परसात पिकवते?"

सत्यभामाबाईला नवरा-बायकोच्या भांडणाशी घेणं नव्हतं. तिनं एकच विचारलं. "मास्तर, बाजाराले मुनीम पैसे देईन का? तेवढं सांगा. माह्या घराचं दार अडकलं त्याच्यात."

खोटं बोलणं प्राध्यापकांना जमत नव्हतं. "मला माहीत नाही, बाई. मी त्या मालकाला कधी पाहिलंही नाही."

शिकलेला माणूस माहीत नाही म्हणतो, याची तिला सगळ्यांत जास्त धास्ती वाटली. त्या दिवशी जिनातली कामंही बिघडली होती. बुडणाऱ्या बिल्ल्यासाठी टोपलं दाबून कोण भरणार? बाया फुगवून भरत होत्या, वाटेत थांबत होत्या, यंत्रं अधूनमधून रिकामी घरघरत होती. मुकादम ओरडून दमला. सत्यभामाबाईनं टोपलं दाबलं. तिला दुसरी तऱ्हा येत नव्हती.

दुपारी बातमी आली की शेषराव अर्ध्या भावानं बिल्ले घेतोय. हॉटेलासमोर बारदान टाकून तो बसला होता, आणि बाया रांगेनं ओच्यातून बिल्ले ओतत होत्या. किसनराव प्रेसवरून येऊन तिच्या बाजूला उभा राहिला.

"देऊन टाक सारे. अर्धं तं अर्धं."

"अर्ध्यात दार नाई येत."

"पडदा नवा येईन."

ती पन्नास बिल्ले कंबरेला बांधून आली होती. ते तिनं ओतले. शेषरावनं मोजून अडीच रुपये हातावर ठेवले. बाकीचे आणायला घरी जायचं, म्हणून ती आधी माठावर पाणी प्यायला थांबली. पाणी पिताना तिनं शेषरावकडे पाहिलं. तो दहा-दहा बिल्ले एकावर एक रचत होता, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळत होता आणि पुड्या गल्ल्याखालच्या पेटीत ठेवून पेटीला कुलूप घालत होता.

ती परत बारदानाशी आली.

"शेषराव भाऊ, एक विचारू?"

"विचारा."

"काल तुमी चहा नाई देला. बिल्ला मेला म्हनत होते. मेलेलं ढोर कोनी अर्ध्या किमतीत घेत नाई. तुमी काऊन घेऊन राह्यले?"

"धर्म म्हनून. बायांची अडचन हाये."

"धर्माच्या पुड्या बांधून कुलपात ठेवतात का वो भाऊ?"

रांगेतली एक बाई हसली, मग दुसरी. शेषराव कानापर्यंत लाल झाला. "ज्याले द्याचे त्यानं द्या, नसन द्याचे तं रस्ता मोकया करा!"

रस्ता मोकळा झाला. बायांनी ओचे आवरले आणि चालू लागल्या. सत्यभामाबाईनं आपले पन्नास परत मागितले. शेषराव म्हणाला, सौदा झाला. झाला होता खरा. तिनं पुढे वाद घातला नाही.

किसनराव वाटेनं कुरकुरत होता. "अन् बुडाले तं?"

"बुडाले तं पन्नास वाचवले म्हनू. नाई बुडाले तं पन्नास घालवले म्हनू. कायतरी एक म्हनाच लागन."

"तुह्याशी बोलनं म्हंजे..."

"प्रेसवर जाय. भोंगा होते."

बाजाराच्या दिवशी सकाळपासून फाटकाशी रांग लागली. अशी रांग जिनानं पाहिली नव्हती. जिनातले होतेच, पण चक्कीवाला, तेलवाला, भाजीवाली, इंद्रभानसुद्धा उभा होता. शेषराव पेटीच घेऊन आला होता. सत्यभामाबाईनं कणगी रिकामी करून सगळे बिल्ले जुन्या लुगड्यात बांधून डोक्यावर घेतले होते. मागे खाकरल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. भगवंतराव प्राध्यापक, हातात रुमालाची पुरचुंडी.

"मास्तर, तुमी?"

"पुष्पानं पाठवलंय. पैसे घेतल्याशिवाय घरी येऊ नका म्हणाली."

दहाच्या सुमाराला मुनीमाचा टांगा आला. दोन माणसांनी पिशव्या आत नेल्या. खिडकी उघडली. पहिल्या बाईनं बिल्ले सरकवले. मुनीमानं मोजले, पैसे दिले. दुसरीला दिले. तिसऱ्या माणसाला दिले. नेहमीसारखं, कपाळावर आठी घालून.

रांगेत कुजबुज मागे सरकत गेली.

"देऊन राह्यला."

"देते म्हंता?"

"हाव, देऊन राह्यला बाप्पा!"

मग जे झालं ते मुनीमालाही समजलं नाही. रांग पुढून नाही, मागून कमी होऊ लागली. तेलवाला म्हणाला, देतोच आहे तर मग दुकान कशाला बंद ठेवू? तो गेला. चक्कीवाला गेला. भाजीवालीनं पाटी डोक्यावर घेतली आणि तिथंच एका बिल्ल्याला मेथीची जुडी दिली. अर्धी रांग बाजारात पांगली आणि बिल्ले पुन्हा फिरू लागले. मुनीम खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "अरे, जाता कुठं? तीन दिवस माझा जीव खाल्ला! मी एवढे पैसे बँकेतून मागून आणलेत, ते आता कोणाच्या बापाला देऊ?"

आख्खा रस्ता हसला. तीन दिवसांचं ओझं लोकांनी एकदम खाली टाकलं होतं. इंद्रभान हसता हसता फाटकाला टेकला. किसनराव प्रेसच्या दारातून बघत होता. त्याच्याही तोंडावर हसू आलं, आणि बायकोनं ते पाहिलं हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्यानं पाठ फिरवली.

शेषराव मात्र खिडकीशी पोचला. पेटी आत सरकवली, पैसे घेतले आणि कोणाकडे न बघता निघून गेला. संध्याकाळी त्याच्या हॉटेलात बिल्ल्याला चहा मिळत होता. पण बऱ्याच बाया महिनाभर चहा प्यायला पलीकडच्या गाडीवर गेल्या.

प्राध्यापक पुरचुंडी घेऊन तसेच उभे होते. पुढे कोणी उरलं नव्हतं.

"जा ना मास्तर, खिडकी मोकयी हाये."

"आता मोडू की नको, कळत नाही. पुष्पाला भाजीला लागतील." त्यांनी पुरचुंडी दुसऱ्या हातात घेतली. "सत्यभामाबाई, माझी चूक झाली. जीन बंद होणार असं मी धरलं, आणि माणसं एकमेकांना ओळखत नाहीत असंही धरलं. पुढचं गणित बरोबर होतं. पण ते या गावाचं नव्हतं. कुठल्याच गावाचं नव्हतं."

"जाऊ द्या. लोकाईनंबी नीट नाई ऐकलं."

"पुढच्या रविवारी पुन्हा व्याख्यान देऊन सगळं समजावून सांगावं म्हणतो."

"नको वो मास्तर!" ती घाईघाईनं म्हणाली. "हंगाम संपू द्या. होयी झाल्यावर सांगा काय सांगायचं ते."

भगवंतराव पहिल्यांदा मोकळेपणानं हसले. प्रबंधातलं ते प्रकरण त्यांनी त्या वर्षी काढून टाकलं असं पुष्पाबाई सांगत. दुसरं लिहायला घेतलं, ते लवकर होईना. रोज संध्याकाळी ते भाजीवालीपाशी उभे राहून तिला प्रश्न विचारत आणि गिऱ्हाइकाला अडचण करतात म्हणून तिचं बोलणं खात.

सत्यभामाबाईनं खिडकीवर काहीच मोडलं नाही. गाठोडं तसंच इंद्रभानच्या दुकानात नेऊन रंध्याच्या पाटावर सोडलं. इंद्रभाननं मोजले.

"बाई, कमी भरतात."

"ठाऊक हाये. शेषरावच्या पेटीत गेले. हे त्याचे अडीच रुपये. तरी कमीच."

"मंग?"

"चौकट बाभयीची लाव."

इंद्रभान विचारात पडला. सागवानाच्या पाखांना बाभळीची चौकट त्याच्या हाताला रुचत नव्हती. "दिसाले बरं नाई दिसत."

"दिसाले कोन बसते समोर? बाभूय कीड धरत नाई, अन् वजन घेते. नीट बसव म्हंजे झालं. बिजागरीत ढिलं ठेवलं तं मी पुन्हा येईन."

"ढिलं ठेवनाऱ्याचं नाव इंद्रभान नाई."

नव्हतंच. त्यानं बाभूळ तासायला दोन दिवस घेतले. ते लाकूड रंध्याची धार खातं. चौकट बसवताना किसनराव ओळंबा धरून उभा होता आणि एक सूतही इकडचं तिकडे होऊ देत नव्हता. दोघांनी पाखं अडकवली. तीन वेळा उघडलं, तीन वेळा लावलं. कुरकुरलं नाही. शालूनं बारदानाचा पडदा स्वतः ओढून काढला आणि झटकून घडी घातली.

घरातलं सामान आत, माणसं बाहेर, आणि मधे कुलूप लागलं. किल्ली सत्यभामाबाईनं पोलक्याच्या आत दोऱ्यानं बांधली. एका हंगामाची टोपली यात गेली होती: सागवानाची दोन पाखं, बाभळीची चौकट, एक कडी-कोयंडा, एक कुलूप. आणि राखणीतून सुटलेली एक पोर, जिचं नाव जूनमध्ये पहिलीच्या हजेरीत लागलं.